भिंतीवरचा गार डाग

घरतपासणीच्या व्यवसायात नव्याने आलेल्या एका तरुण सहकाऱ्याने मध्यंतरी मला फोन करून विचारले, "सर, थर्मल कॅमेरा घेऊ का?" या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता आले असते. पण काही वर्षांपूर्वी हाच प्रश्न मी स्वतःला विचारला होता, त्याचे उत्तर घाईघाईने देऊन टाकले होते आणि त्या घाईपायी एका परक्या माणसाच्या भिंतीचा गिलावा विनाकारण फुटला होता. ते आठवले आणि मी त्याला म्हणालो, "दोन दिवस दे, विचार करून सांगतो."

तो गिलावा कसा फुटला ते आधी सांगायला हवे. कॅमेरा हाती येऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते. एक कुटुंब जुने घर विकत घेण्याच्या विचारात होते आणि त्यांच्या वतीने मी तपासणीला गेलो होतो. घरमालक सौजन्यशील गृहस्थ होते. मला भिंती नीट पाहता याव्यात म्हणून बाहेरच्या भिंतीला टेकलेले मोठे लाकडी कपाट त्यांनी मी पोचण्याआधीच बाजूला सरकवून ठेवले होते. दिवस थंडीचे होते आणि खोली सकाळपासून हीटर लावून ऊबदार केलेली होती. हा कॅमेरा तापमानातला फरक रंगांत दाखवतो, गार ते निळे. मी तो रोखला आणि पिवळसर भिंतीच्या मध्यभागी गडद निळा डाग उमटला, जमिनीपासून खांद्याच्या उंचीपर्यंत चढलेला. माझ्या पिशवीत ओल मोजण्याचे मीटर होते, पण त्याची बॅटरी उतरलेली होती आणि नवी बॅटरी खाली गाडीत राहिली होती. दोन जिने उतरण्याचा कंटाळा आणि हातातल्या नव्या यंत्राची ऐट, या दोहोंनी मिळून माझा निर्णय करून टाकला. अहवालात मी लिहिले, 'भिंतीत ओल मुरली असण्याची दाट शक्यता', आणि खाली ते निळे चित्र जोडले. सौदा अडू नये म्हणून घरमालकांनी आठवड्याभरात तेथील गिलावा उतरवून घेतला. आतून ठणठणीत कोरडी वीट निघाली. त्यांनी मला रागाचे एक अक्षरही लिहिले नाही. तळहातावर घेतलेल्या कोरड्या भुकटीचे छायाचित्र तेवढे पाठवले.

मग मी ते निळे चित्र पुन्हा उघडून पाहिले. डागाच्या दोन्ही उभ्या कडा ओळंब्यात होत्या आणि वरची कड पातळी लावल्यासारखी आडवी होती. पाणी भिंतीत ओळंबा लावून उतरत नाही. तो डाग कपाटाचा होता. कपाटामागे झाकल्या गेलेल्या भागापर्यंत खोलीची ऊब पोचलीच नव्हती, आणि कपाट हलवून तासही उलटला नव्हता. कॅमेऱ्याने खोटे काहीच दाखवले नव्हते, कारण तो भाग खरोखर गार होता. 'गार' या शब्दाचा अर्थ 'ओला' असा मी लावला होता. दुरुस्तीचा खर्च मी दिला आणि हात दाखवून अवलक्षण करून घेणे म्हणजे काय ते नीट समजून घेतले.

या यंत्राविषयीचा सर्वांत हट्टी गैरसमज म्हणजे ते भिंतीच्या आत पाहते. ग्राहक तसे समजतात आणि विकणारे तो समज दूर करण्याची फारशी तसदी घेत नाहीत. प्रत्यक्षात कॅमेऱ्याला दिसतो तो केवळ पृष्ठभाग, आणि पृष्ठभागातून बाहेर पडणारे अवरक्त किरण. हे किरण विल्यम हर्शेल यांना १८०० मध्ये सापडले. लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडून ते प्रत्येक रंगात तापमापी ठेवत होते, तेव्हा तांबड्याच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथे तापमान अधिक चढलेले त्यांना आढळले. त्यांचे पुत्र जॉन हर्शेल यांनी १८४० मध्ये काजळीचा थर दिलेला कागद मद्यार्काने ओला करून त्यावर या उष्णतेचा ठसा उमटवला. जेथे कागद तापला तेथील मद्यार्क आधी उडून गेला. उष्णतेचे चित्र काढण्याचा हा आरंभीचा प्रयत्न वाळण्याच्या क्रियेवर बेतलेला होता, ही गोष्ट भिंतींची ओल शोधत हिंडणाऱ्या माणसाला विशेष जवळची वाटते. आजच्या कॅमेऱ्यात साधारण ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीचे किरण सूक्ष्म संवेदकांच्या जाळीवर पडतात, प्रत्येक संवेदक किंचित तापतो आणि त्याचा विद्युत रोध बदलतो. साधी काच हे किरण अडवते, म्हणून कॅमेऱ्याचे भिंग सहसा जर्मेनियमचे असते. मधूनच आत 'टिक्' असा आवाज होतो आणि चित्र क्षणभर थिजते. आतली झडप मिटून यंत्र स्वतःचे संवेदक जुळवून घेत असते. पहिल्यांदा तो आवाज ऐकून मला वाटले होते की काहीतरी बिघडले.

अमेरिकेतील कायलो खटला या संदर्भात मला नेहमी आठवतो. १९९२ मध्ये ओरेगन राज्यात एका घरावर रस्त्यावरून थर्मल यंत्र रोखण्यात आले. गॅरेजचे छप्पर आणि एक भिंत बाकीच्या घरापेक्षा व शेजारच्या घरांपेक्षा गरम दिसली आणि आत दिव्यांखाली गांजाची लागवड चालली असावी, असा तर्क करण्यात आला. २००१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवले की असे यंत्र रोखणे ही घराची झडतीच आहे आणि तिला वॉरंट लागते. खासगीपणाच्या दृष्टीने तो निकाल गाजला, पण माझे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे जाते. यंत्राला दिवेही दिसले नव्हते आणि रोपेही दिसली नव्हती; छप्पर गरम आहे, एवढेच दिसले होते. प्रत्यक्ष झडतीचे वॉरंट मागताना त्या चित्राला खबऱ्यांची माहिती आणि विजेची बिले यांची जोड द्यावी लागली होती. आमच्या कामातही चित्राला अशी जोड लागते.

ओल कॅमेऱ्याला का दिसते, हे ज्याला नीट कळले त्याला ती केव्हा दिसणार नाही हेही कळते. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४.२ जूल लागतात. तेच एक ग्रॅम पाणी नेहमीच्या तापमानाला वाफ होऊन जाताना सुमारे २,४५० जूल घेऊन जाते. ही उष्णता भिंतीतून जाते, म्हणून वाळत असलेली भिंत आजूबाजूच्या कोरड्या भिंतीपेक्षा गार पडते. यातला 'वाळत असलेली' हा शब्द महत्त्वाचा आहे. हवा बाष्पाने भरलेली असेल तर वाळणे थांबते आणि ओली भिंतही कोरड्या भिंतीसारखीच दिसते. वरून तैलरंगाचा जाड थर किंवा फरश्या असतील तरी तेच होते. उलट वातानुकूलन यंत्राचा झोत, फटीतून येणारी हवा, भिंतीतील उष्णतारोधक थर राहून गेलेली जागा, नुकतीच सरलेली सावली किंवा माझ्या नशिबी आले तसे एखादे कपाट, यांपैकी कशानेही गार डाग पडतो. गार डागाची कारणे अर्धा डझन असतात आणि ओल त्यांपैकी एक असते.

सपाट छतावर हाच खेळ उलटा चालतो. वजनाच्या मानाने पाण्याची उष्णता साठवण्याची क्षमता विटेच्या जवळजवळ पाचपट असते, त्यामुळे दिवसभर तापलेल्या छताचा कोरडा भाग सूर्यास्तानंतर लवकर निवतो आणि जेथे थरांच्या आत पाणी मुरलेले असते तो भाग बराच वेळ ऊबदार राहतो. ढग नसलेल्या, वारा पडलेल्या संध्याकाळी शिडी लावून छतावर गेलो आणि हळूहळू काळवंडत जाणाऱ्या चित्रात एक उजळ तुकडा मागे राहताना पाहिला, तर मला अजूनही लहान मुलासारखा आनंद होतो. पण त्यासाठी संध्याकाळ लागते, दिवसभराचे ऊन लागते आणि आदला दिवस पावसाचा नसावा लागतो. ग्राहकाने सकाळी अकराची वेळ दिलेली असते.

गुंतवणुकीचा हिशेब करताना यंत्राच्या किमतीआधी ऋतूंचा विचार करावा, असे मला वाटते. भिंतीतील उष्णतारोधक थर कोठे अपुरा आहे किंवा हवा कोठून गळते हे पाहायचे तर घराच्या आत आणि बाहेर काही तास तरी सुमारे १० अंश सेल्सिअसचा फरक असावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. दारात पंखा बसवून घराच्या आत-बाहेर ५० पास्कल दाबाचा फरक निर्माण केला तर हवेच्या फटी अधिक स्पष्ट दिसतात, पण ते वेगळे साधन आणि वेगळा खर्च झाला. ज्याच्या कामाच्या प्रदेशात वर्षातील बहुतेक दिवस आतली आणि बाहेरची हवा सारखीच असते, त्याच्या हातात हे यंत्र बराच काळ मुकेच राहील.

पृष्ठभागाचा स्वभाव हा आणखी एक सापळा आहे. चकचकीत स्टीलच्या भांड्यात गरम पाणी भरावे, बाहेरून काळ्या विद्युतरोधी टेपचा तुकडा चिकटवावा आणि कॅमेऱ्यातून पाहावे. टेप तापलेली दिसते आणि तिच्या शेजारचे स्टील जवळजवळ खोलीइतकेच गार दिसते, वास्तविक दोन्हींचे तापमान एकच असते. टेपची उत्सर्जकता, म्हणजे स्वतःची उष्णता किरणांच्या रूपाने बाहेर टाकण्याची क्षमता, ०.९५ च्या आसपास असते, तर चकचकीत धातू स्वतःची उष्णता फारशी बाहेर टाकतच नाही आणि आरशासारखी दुसऱ्याची उष्णता परत फेकतो. रंगवलेला गिलावा या बाबतीत प्रामाणिक, ०.९ च्या वर. पण त्याच भिंतीतून गेलेला तांब्याचा नळ, अॅल्युमिनियमची चौकट किंवा पत्र्याचे झाकण यांचे आकडे बेधडक लिहून देणारे अहवाल मी पाहिले आहेत. माझ्या पहिल्या महिन्यात मीही खिडकीच्या काचेवर एक ऊबदार, माणसाएवढा डाग टिपला होता आणि तो हलताना पाहून दचकलो होतो. अर्थातच तो मीच होतो.

स्वस्त यंत्र की महाग यंत्र, हा वाद बहुधा चित्रातल्या बिंदूंच्या, म्हणजे पिक्सेलच्या, संख्येवरून होतो, आणि येथे थोडे गणित केल्यावाचून गत्यंतर नाही. ८० × ६० म्हणजे ४,८०० बिंदू, १६० × १२० म्हणजे १९,२०० आणि ३२० × २४० म्हणजे ७६,८००. भिंगाचा आडवा कोन ४५ अंशांचा धरला तर ३ मीटर अंतरावर पहिल्या यंत्राचा एक बिंदू भिंतीवरचा सुमारे ३ सेंटिमीटरचा चौकोन व्यापतो, दुसऱ्याचा दीड आणि तिसऱ्याचा पाऊण सेंटिमीटर. शिवाय भरवशाचे तापमान मिळण्यासाठी जागा निदान तीन बिंदू रुंद आणि तीन बिंदू उंच असावी लागते. म्हणजे पहिल्या यंत्राला ९ सेंटिमीटरहून लहान जागेचे खरे तापमान तेवढ्या अंतरावरून कळतच नाही; तो आकडा शेजारच्या भिंतीत मिसळलेला असतो. हातभर अंतरावरून ओलीचा अंदाज घेण्यासाठी हे चालून जाईल, पण उंच छताच्या कोपऱ्यासाठी चालणार नाही. फोनला जोडायची छोटी यंत्रे शिकण्यासाठी चांगली आहेत. अहवालाचा आधार म्हणून मी १६० × १२० च्या खाली जाणार नाही, आणि ज्याला मोठ्या इमारती व छते पाहायची आहेत त्याने ३२० × २४० पर्यंत थांबावे, पैसे साठवावेत.

रंगांविषयीही एक सांगतो. कॅमेऱ्याला सोडून दिले तर समोर जेवढा फरक असेल तेवढ्यावर तो सगळा रंगपट ताणून बसवतो. भिंतीवर एका अंशाचाच फरक असला तरी एक कोपरा जळत असल्यासारखा आणि दुसरा गोठल्यासारखा दिसतो. मी आता तापमानाची वरची व खालची मर्यादा स्वतः बांधून ठेवतो आणि शक्यतो करड्या छटांमध्येच काम करतो. ग्राहकाला ती चित्रे नीरस वाटतात. वाटू देत.

वीजपेटीच्या बाबतीत हे यंत्र खरोखर उपयोगी पडते, पण तेथेही अट आहे. सैल जोडावर निर्माण होणारी उष्णता विद्युत प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह निम्मा झाला की उष्णता चौथाई होते. रिकाम्या, दिवे मालवलेल्या घरातील वीजपेटी पाहून 'सर्व ठीक' असे लिहिणे म्हणजे झोपलेल्या माणसाची चाल तपासण्यासारखे आहे. घरातील मोठी उपकरणे काही वेळ चालवावी लागतात, आणि पेटीचे झाकण उघडण्याचा अधिकार व शिक्षण नसेल तर त्याला हात लावू नये.

एवढे सगळे सांगूनही मी कॅमेरा विकलेला नाही, कारण काही दिवस असे येतात की त्याच्यावाचून काम झालेच नसते. एका घरात न्हाणीघराला लागून असलेल्या झोपण्याच्या खोलीत भिंतीच्या तळाशी रंगाचे पोपडे सुटत होते. प्लंबरने दोनदा नळ बदलले होते आणि आता फरश्या फोडून पाइप काढण्याची गोष्ट चालली होती. मी आधी कोरड्या अवस्थेत भिंतीचे चित्र घेतले. मग शॉवरला नळी लावून वीस मिनिटे गरम पाणी थेट जाळीत सोडले, म्हणजे पाइपातूनही वाहील आणि निचऱ्यातूनही जाईल, पण भिंतीवरच्या फरश्यांवर थेंब पडणार नाही. पलीकडच्या खोलीत दर पाच मिनिटांनी चित्र घेतले; काही बदल नाही. त्यानंतर नळी काढली आणि तेच गरम पाणी फरश्यांवर पडू दिले. बाराव्या मिनिटाला पलीकडे, जमिनीपासून हातभर उंचीवर, दोन बोटे रुंदीची एक फिकट ऊबदार जीभ दिसू लागली आणि पुढच्या दहा मिनिटांत ती खाली पसरत गेली. डोळ्यांना तेथे काहीच दिसत नव्हते आणि हाताला काही लागत नव्हते. मीटर टेकवले तर त्या जागेचा आकडा शेजारच्या जागेच्या दुपटीहून अधिक आला. पाइप शाबूत होते. फरश्यांमधली सांधेभरणी गेली होती. एका दुपारचे काम झाले आणि तोडफोड वाचली. येथे लक्षात घेण्याजोगे असे की निदान चित्राने केलेले नव्हते. पाणी कोठे सोडायचे आणि कोठे सोडायचे नाही, या क्रमाने ते केले होते.

मीटरही देव नव्हे, हे जाता जाता सांगून ठेवतो. गिलाव्यात क्षार फुटलेले असतील तर ते कोरड्या भिंतीलाही ओली म्हणते, आणि लाकडासाठी आखलेले टक्के विटेवर वाचण्यात अर्थ नसतो. तेथे शेजारच्या जागेशी तुलनाच करावी लागते. पण दोन वेगवेगळ्या कारणांनी फसणारी दोन साधने एकाच जागी बोट ठेवतात तेव्हा चुकण्याची शक्यता बरीच कमी होते. मीटर नसताना कॅमेरा घेणे म्हणजे आधी कळस मग पाया, असे मी म्हणतो ते यासाठी.

पैशांपेक्षा मला जास्त चिंता वाटते ती शब्दांची. आमच्या व्यवसायाची सगळी मर्यादा 'डोळ्यांना दिसेल तेवढे' या शब्दांवर उभी आहे. कॅमेरा हाती आला की 'दिसेल' या शब्दाचा अर्थ ग्राहकाच्या मनात गुपचूप बदलतो. आता याला सगळे दिसते, असे तो धरून चालतो, आणि सहा महिन्यांनी छत गळले तर विचारतो की तुमच्याकडे तर ते यंत्र होते. म्हणून माझ्या अहवालात प्रत्येक चित्राखाली वेळ, आतले व बाहेरचे तापमान, ऊन-वाऱ्याची स्थिती आणि मीटरचा आकडा असतो, आणि सुरुवातीलाच असे वाक्य असते की चित्रात काही न दिसणे म्हणजे तेथे काही नसणे नव्हे. हे वाक्य लिहिताना आपण स्वतःच्याच यंत्राची किंमत कमी करत आहोत असे वाटते. तरी ते लिहावे. व्यावसायिक विमा घेतलेला असेल तर अशी तपासणी त्यात बसते का, हेही यंत्र घेण्याआधीच विचारून घ्यावे.

मी स्वतः नेहमीच्या तपासणीत कॅमेऱ्याचे वेगळे शुल्क घेत नाही आणि त्याची जाहिरातही करत नाही. मीटर कोठे लावायचे हे शोधण्यापुरता तो माझ्या हातात असतो आणि अहवाल मीटरवर उभा राहतो. कोणाला संपूर्ण घराची औष्णिक तपासणी हवी असेल तर ते वेगळे काम, योग्य ऋतूत, योग्य वेळी आणि वेगळ्या मोबदल्यात. ते कसे करायचे याची शिस्त नवी नाही. इमारतींच्या अशा तपासणीसाठी आयएसओ ६७८१ हे आंतरराष्ट्रीय मानक १९८३ मध्येच निघाले. ज्याला हे वेगळे काम मिळण्याची शक्यता नाही, त्याच्या बाबतीत यंत्राचा खर्च केवळ मोबदल्यातून वसूल होईल असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. शिकण्यात गेलेले महिने तर कोणत्याच हिशेबात धरले जात नाहीत.

तिसऱ्या दिवशी मी सहकाऱ्याला फोन केला. म्हटले, घे, पण आता नको. आधी चांगले मीटर घे, मग आठवडाभर एखादा कॅमेरा भाड्याने आण आणि कोणाचेही घर न तपासता स्वतःचेच घर सकाळ-संध्याकाळ पाहा; कपाटे सरकव, नळ सोड, दिवे लाव, भांड्यावर टेप चिकटव. तो थोडा हिरमुसला, पण ऐकले.

कॅमेरा आणल्याच्या चौथ्या दिवशी रात्री त्याचाच फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता. "सर, माझ्याच स्वयंपाकघराच्या छतावर एक लांब गार पट्टा दिसतोय. वर टाकी आहे. नक्की गळती!"

"कडा कशा आहेत?"

"म्हणजे?"

"सरळ आहेत की पसरलेल्या?"

तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "तशा सरळच दिसतात."

"मीटर लावलेस?"

"नाही अजून," तो म्हणाला, आणि फोन चालू ठेवूनच शिडी आणायला गेला.